अवघड जागेचं दुखणं : बाळंतपणानंतरचं फिशर

रानजाई

घरात हा विषय काढायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. बाळ आता महिन्याच्या वर झालं. नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाके पडले होते, ते बऱ्यापैकी भरलेत. पण त्यानंतर जे सुरू झालंय त्याची कल्पना मला आधी कुणीच दिली नव्हती.

डिलिव्हरीनंतर काही दिवस पोटच साफ झालं नाही. मग झालं ते अगदी खडा, आणि त्याच क्षणी चिरल्याचं स्पष्ट जाणवलं. तेव्हापासून दर वेळी काचेचे तुकडे बाहेर पडावेत तसं होतं. ती दोन मिनिटं एकवेळ सोसेन, पण नंतर जो ठणका लागतो तो तास-तासभर जात नाही. बाळ भुकेने रडत असतं आणि मला टेकून बसताही येत नाही. पुसताना लालभडक रक्त दिसतं. रात्रीपासूनच सकाळची धास्ती असते. संडासला जावंच लागू नये म्हणून जेवण कमी करावं असं मनात येतं.

घरचे म्हणतात मूळव्याध असेल, बाळंतिणीला होतेच, जाईल आपोआप. खरंच मूळव्याध आहे का ही? अंगावर पाजत असताना कोणतं मलम चालतं? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

पाऊलवाट

रानजाई, लिहिलंस ते फार बरं केलंस. तू जे वर्णन केलं आहेस ते हुबेहूब माझं होतं, आणि ती मूळव्याध नव्हती, फिशर होतं. म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला गेलेली चीर. आतल्या मूळव्याधीत रक्त बऱ्याचदा जास्त जातं पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थोडं, पुसताना दिसण्याइतकं, आणि वेदना मात्र ब्रह्मांड आठवावं अशी. अर्थात नक्की काय ते बघूनच ठरतं, त्यामुळे डॉक्टरांना दाखव. बाहेर अचानक निळसर, टणक, दुखरी गाठ आली असेल तर तो वेगळा प्रकार असतो.

एक गोष्ट मात्र आजपासूनच: जेवण कमी करू नकोस. कमी खाल्लं की पोटात कमी तयार होतं, ते आतड्यात जास्त वेळ राहतं, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि बाहेर येताना पुन्हा खडाच येतो. तीच चीर परत फाटते. शिवाय तू दूध पाजते आहेस, त्यात शरीरातलं बरंच पाणी जातं. दर वेळी पाजायला बसताना हाताशी पाण्याची बाटली असू दे, तहान लागायची वाट बघू नकोस.

गवतफूल

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण हे नक्की काय असतं ते सांगते, कारण ते कळलं की उपचारांचा अर्थ लागतो.

गुदद्वाराला दोन स्नायूंची कडी असतात. बाहेरचं आपल्या ताब्यात असतं, आतलं नसतं. चीर पडली की आतला स्नायू वेदनेने आवळून बसतो आणि लवकर सैल होत नाही. शौचानंतर जो ठणका राहतो तो मुख्यतः या आवळलेल्या स्नायूचा. स्नायू आवळलेला असला की त्या भागातला रक्तपुरवठा घटतो, आणि रक्त पोचलं नाही की चीर भरत नाही. दुखतं म्हणून बाई टाळते, टाळलं की शौच घट्ट होतं, घट्ट झालं की पुन्हा फाटतं. त्यामुळे उपचार दोन बाजूंनी करावे लागतात: शौच मऊ ठेवणं आणि स्नायू सैल होऊ देणं. नुसतं मलम लावून वर घट्ट शौच तसंच चालू राहिलं तर काही उपयोग होत नाही.

बाळंतपणानंतर हे इतकं का दिसतं? गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. लोहाच्या गोळ्यांनी घट्टपणा वाढतो. प्रसूतीत त्या भागावर ताण आलेला असतो आणि टाक्यांच्या भीतीने बाई थोपवून धरते. एरवी बहुतेक फिशर मागच्या बाजूला मध्यरेषेवर असतात, पण बाळंतपणानंतरची चीर बऱ्याचदा पुढच्या बाजूला, योनीकडे असते. त्यामुळे ‘टाकेच दुखताहेत’ असा समज होऊन महिने निघून जातात.

लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रकार किंवा मात्रा बदलता येते, ते डॉक्टरांना विचारा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दूध पाजताना सहसा चालतं, फक्त आधी पित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या टाळा. त्यांनी बद्धकोष्ठता वाढते, आणि बाळाच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दूध पाजणाऱ्या मातांसाठी त्यांच्याविरुद्ध इशाराच दिला आहे.

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. माझे टाकेही पुढच्याच बाजूला आहेत, त्यामुळे दुखणं कुठून येतं हेच मला नीट सांगता येत नव्हतं. घरात मूळव्याधीचं एक मलम पडलेलं आहे, ते लावू का?

गवतफूल

नको. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. दोन-चार दिवस खाज-सूज कमी झाल्यासारखी वाटते, पण जास्त दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, आणि इथे तर आपल्याला त्वचा भरून यायला हवी आहे. दाखवून घेईपर्यंत साधं पेट्रोलियम जेली कडेला लावलं तरी घर्षण कमी होतं.

निळीशाई

मी या सगळ्यातून गेले आहे. औषधाइतकाच फरक मला बसायच्या पद्धतीने पडला, म्हणून ते तपशिलात लिहिते. वाचायला संकोच वाटेल, पण हे कुणी सांगतच नाही.

कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्यायचं, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. थोडं पुढे वाकून कोपरं मांडीवर टेकवायची. या स्थितीत आतला मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. दात आवळायचे नाहीत, जबडा सैल सोडायचा. श्वास कोंडून जोर करायचा नाही. उलट तोंड अर्धवट उघडं ठेवून लांब श्वास सोडायचा आणि पोट हलकेच पुढे येऊ द्यायचं. पुढच्या टाक्यांची भीती वाटत असेल तर स्वच्छ पॅड किंवा घडी केलेला मऊ कपडा टाक्यांवर धरून तळहाताने अलगद आधार द्यायचा. टाके काही उसवत नाहीत त्याने, पण आधार असला की शरीर घाबरून आवळत नाही.

पाचेक मिनिटांत झालं नाही तर उठायचं. तिथे फोन घेऊन बसून राहायचं नाही. कळ आली की मात्र एक मिनिटही थोपवायचं नाही, मग बाळ रडत असलं तरी. कुणाच्या तरी हातात द्यायचं, कुणीच नसेल तर सुरक्षित जागी ठेवायचं आणि जायचं. सकाळी काही खाल्ल्या-प्यायल्यानंतर आतडी आपोआप हालचाल करतात, ती वेळ साधली तर फार जोर लागत नाही.

झाल्यावर घासून पुसायचं नाही. कोमट पाण्याने धुवायचं, साबण नको, सुगंधी ओले रुमाल तर मुळीच नकोत. मऊ कापडाने टिपून घ्यायचं. आणि लगेच कोमट पाण्याच्या टबात १० ते १५ मिनिटं बसायचं. लगेच हे महत्त्वाचं, कारण स्नायू तेव्हाच आवळलेला असतो. मनगटाला सुखावह वाटेल इतकंच गरम पाणी, चटका नको. त्यात मीठ, जंतुनाशक काही घालायची गरज नाही, उलट झोंबतं. माझा तासभराचा ठणका बैठकीनंतर खूपच लवकर उतरायला लागला.

अबोली२

+१. निळीशाईने लिहिलेलं जबड्याचं खरं आहे. मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं की चीर दुखत असताना घाईने आवळण्याचे व्यायाम वाढवू नका, आधी सैल सोडायला शिका. तोपर्यंत मी सगळीकडे ‘बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू आवळा’ एवढंच वाचत होते.

मऊ राहण्यासाठी मी इसबगोल घेत होते. साधं, स्वस्त आणि बाळाला काही नाही. रानजाई, आजच सुरू कर.

पाऊलवाट

अबोली, इसबगोलला ना नाही, पण पाणी पुरेसं नसेल तर तेच उलटतं. माझं तसंच झालं होतं, पोट फुगून दगड झालं. इसबगोल पाणी धरून ठेवतं, म्हणून त्याला पाणी द्यावंच लागतं. थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवावं. आणि आधीच खडा धरलेला असेल तर वर अजून चोथा घालण्यात अर्थ नाही, आधी तो मऊ करून काढायला हवा. मला त्यासाठी मॅक्रोगॉलची पावडर दिली होती.

गवतफूल

पाऊलवाट यांच्याशी सहमत. मॅक्रोगॉल (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि लॅक्टुलोज ही दोन्ही औषधं आतड्यात पाणी ओढून घेतात आणि रक्तात जवळजवळ शोषली जात नाहीत, म्हणून दूध पाजताना वापरता येतात. लॅक्टुलोजने काहींना वायू धरतो. मात्रा प्रत्येकीची वेगळी असते. टूथपेस्टइतकं मऊ आणि अखंड शौच होईल इतकी मात्रा असावी, पाण्यासारखं नको. जुलाबानेही चीर चिडते. आहारातून तंतू दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत जावेत: फळं सालासकट, भाज्या, डाळी-कडधान्यं, कोंड्यासकट धान्य. पण हे सगळं एका दिवसात वाढवू नका.

वाटसरू_७७

मी पुरुष आयडी आहे, या धाग्यावर लिहावं की नाही असा प्रश्न पडला होता. माझ्या बायकोला पहिल्या बाळंतपणानंतर हे झालं होतं. ती बाथरूममधून रडून डोळे धुऊन बाहेर यायची आणि मला वाटायचं झोप होत नाहीये म्हणून. तिने सांगितलं नव्हतं, कारण लाज. म्हणून इथे वाचणाऱ्या नवऱ्यांसाठी लिहितो: विचारा. थेट विचारा, ‘संडासला जाताना दुखतंय का?’

आणि काम वाटून घ्या. तिने ‘जाते’ म्हटलं की त्या क्षणी बाळ आपल्या हातात आलं पाहिजे, आणि पुढचा अर्धा तास तिला टबातल्या बैठकीसाठी मोकळा मिळाला पाहिजे. टब भरून ठेवणं, पाण्याची बाटली भरणं, औषधाची वेळ लक्षात ठेवणं हे आपण करू शकतो. पाजण्यासाठी तिला कुशीवर झोपून बाळ जवळ घ्यायला मदत केली तर बसायची वेळच येत नाही. पाठीमागे उशी आणि गुडघ्यांमध्ये एक उशी, एवढ्याने तिला खूप आराम पडायचा.

रानजाई

वाटसरू, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. मला तोंडाने सांगता येत नव्हतं ते त्याला वाचून कळलं. आता तोच डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. आत बोट घालून तपासतील का याचीच मला भीती आहे.

गवतफूल

आधीच सांगा की खूप दुखतंय. कुशीवर झोपवून, दोन्ही बाजू अलगद दूर करून पाहिलं तर बहुतेक वेळा चीर दिसते. इतकं दुखत असताना बोटाने किंवा नळीने तपासणी लगेच करायची गरज सहसा नसते, ती नंतर करता येते. तुम्ही ‘थांबा’ म्हटलं की डॉक्टरांनी थांबलंच पाहिजे, हे मनात पक्कं ठेवा.

याच धाग्यावर हेही लिहून ठेवते: ताप, सतत ठणकणारी सूज, पू, गुठळ्यांसह किंवा भरपूर रक्त, वायू किंवा शौच न थोपवता येणं, यांतलं काहीही असेल तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. यात गळू असू शकतं किंवा प्रसूतीतली स्नायूची इजा लक्षात न आलेली असू शकते.

सावलीशी

माझं प्रकरण जुनं झालेलं होतं, म्हणून लिहिते. ६ ते ८ आठवड्यांत चीर भरली नाही की तिला जुनं फिशर म्हणतात. कडा जाड होतात, बाहेर कातडीचा छोटा कोंब येतो. मला तो कोंब हाताला लागायचा आणि मी त्यालाच मूळव्याध समजत होते. मला आधी ग्लिसरिल ट्रायनायट्रेटचं मलम दिलं. त्याने डोकं इतकं दुखायचं की बाळाला घेऊन उभं राहायची भीती वाटायची. मग २ टक्के डिल्टियाझेम दिलं, दिवसातून दोनदा. वाटाण्याएवढं मलम बोटावर घेऊन कडेला आणि अगदी किंचित आत लावायचं, खोलवर नाही. नंतर हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यायचं. जाण्याआधी पाच-दहा मिनिटं लिग्नोकेनची, म्हणजे तो भाग बधिर करणारी जेली लावायचे, त्याने आत जायची धास्ती कमी झाली.

मला शस्त्रक्रियेचंही सांगितलं होतं. मी थांबले आणि मलमानेच चीर भरली. थांबले ते बरोबर होतं का, डॉक्टर?

गवतफूल

ग्लिसरिल ट्रायनायट्रेट काय किंवा डिल्टियाझेम काय, दोन्ही आवळलेला आतला स्नायू सैल करून तिथला रक्तपुरवठा वाढवतात. डोकेदुखी हा पहिल्याचा नेहमीचा त्रास, दुसऱ्यात तो कमी. दूध पाजणाऱ्या आईला काय द्यायचं ते तपासणाऱ्यांनी ठरवायचं, म्हणून इथे वाचून कुणीही स्वतः आणून लावू नका.

शस्त्रक्रियेबद्दल. आतल्या स्नायूचा थोडा भाग कापून तो कायमचा सैल करतात. एरवी जुन्या फिशरवर हा सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो, दहातल्या नऊ-दहा जणांची चीर त्याने भरते. पण वायू किंवा शौच थोपवण्याची ताकद कमी होण्याचा धोका त्यात असतो. बाळंतपणात बाईच्या या स्नायूंना आधीच ताण किंवा इजा झालेली असू शकते, आणि बाळंतपणानंतरच्या फिशरमध्ये अनेकदा स्नायू एरवीइतका आवळलेलाही नसतो. मग तो कापून मिळवायचं काय? म्हणून अशा बाईत घाई करू नये, आधी स्नायूची सोनोग्राफी आणि दाबाची तपासणी करून घ्यावी. मधला पर्याय म्हणून बोटॉक्सचं इंजेक्शन असतं, त्याचा परिणाम काही महिन्यांनी उतरतो. तुम्ही थांबलात आणि मलमाने भरलं, उत्तम झालं.

अबोली२

मला एक वेगळंच विचारायचं होतं. या दिवसांत कुणाला सतत रडू यायचं का? मला वाटायचं मी वाईट आई आहे, बाळ रडलं की त्याचाच राग यायचा.

निळीशाई

अबोली, हो. रोज वेदना, झोप नाही, आणि सगळे बाळाला बघायला येतात, आपल्याला कुणी बघत नाही. तू वाईट आई नव्हतीस. वेदना उतरल्यावर माझं मनही बरंच सावरलं. पण ज्यांचं दोन आठवड्यांनंतरही तसंच राहतं, कशातच मन लागत नाही किंवा स्वतःला, बाळाला काही करावंसं वाटतं, त्यांनी तेही डॉक्टरांना तितक्याच स्पष्टपणे सांगावं. तेही दुखणंच आहे आणि त्यावरही उपचार आहेत.

रानजाई

दाखवून आले. फिशरच आहे, पुढच्या बाजूला. नुसतं बघूनच सांगितलं, अजिबात दुखवलं नाही. मॅक्रोगॉल, लावायचं मलम, टबची बैठक आणि लोहाची गोळी बदलून दिली. पहिले काही दिवस फरक वाटला नाही. मग एका सकाळी मी श्वास सोडत बसले होते आणि झालं, आग झाली पण ते चिरणं नव्हतं. मी तशीच बसून राहिले कितीतरी वेळ, विश्वास बसेना म्हणून.

आता दुखणं जवळजवळ नाहीच. पावडर बंद करू का? औषधाची सवय लागेल असं घरात म्हणताहेत.

पाऊलवाट

अजिबात बंद करू नकोस! दुखणं थांबतं तेव्हा चीर पूर्ण भरलेली नसते, वरवर मिटलेली असते. एक घट्ट शौच झालं की सगळं पहिल्यापासून.

गवतफूल

पाऊलवाट म्हणतात ते बरोबर. वेदना गेल्यावरही निदान आणखी ६ ते ८ आठवडे मऊपणा टिकवा, मलमही सांगितलेला कालावधी पूर्ण लावा. मॅक्रोगॉलची सवय लागत नाही. बंद करताना एकदम नको, मात्रा हळूहळू उतरवा आणि घट्ट व्हायला लागलं तर पुन्हा एक पायरी वर जा.

चांदणवेल

धागा वाचून धीर आला. मला मागच्या बाळंतपणात फिशर झालं होतं, आता पुन्हा सातवा महिना आहे. हल्ली परत घट्ट व्हायला लागलंय. सिझेरियन मागून घ्यावं का?

गवतफूल

चांदणवेल, आधी फिशर झालं होतं आणि ते भरलं आहे, एवढ्यावरून सिझेरियनची गरज नसते. सिझेरियननंतरही बद्धकोष्ठता होतेच. मागच्या वेळी स्नायूपर्यंत मोठी फाट गेली होती का, वायू थोपवताना त्रास होतो का, हे मात्र डॉक्टरांना सांगा, प्रसूतीचा निर्णय त्यावर अवलंबून असू शकतो. बाकी तयारी आत्ताच करायची. घट्ट होतंय ना, मग शौच मऊ करणारं औषध या आठवड्यातच लिहून घ्या, गरोदरपणात चालणारी आहेत. डिलिव्हरी झाल्याच्या पहिल्या दिवसापासून ते चालू राहील असं तुमच्या कागदावर लिहून ठेवायला सांगा, कारण त्या गडबडीत तुम्हाला मागायचं सुचणार नाही.

चांदणवेल

मागच्या वेळी मोठी फाट नव्हती. उद्याच तपासणी आहे, लिहून घेते. स्टूल आणि टब नवऱ्याला आत्ताच आणून ठेवायला सांगितलं आहे.